शोकाला घाई नको

घरातले माणूस गेले की दफनविधीच्या दिवशीच सांत्वनाची वाक्ये कानी पडू लागतात. देवाची इच्छा होती, प्रभूने बोलावून घेतले, ते आता सुखात आहेत, रडू नका, विश्वास ठेवा. बोलणाऱ्यांच्या मनात मायाच असते. पण या वाक्यांच्या पोटात एक समजूत दडलेली असते. विश्वास खरा असेल तर शोक लवकर आवरतो, आणि शोक आवरत नसेल तर विश्वासातच काही उणे असले पाहिजे, अशी ती समजूत. महाराष्ट्रातल्या अनेक मंडळ्यांमध्ये आणि धर्मग्रामांमध्ये ती इतकी रुजली आहे की विधवा झालेली बाई किंवा मूल गमावलेला बाप चारचौघांत रडताना ओशाळतो. ही समजूत ख्रिस्ती शिकवणीला धरून नाही, असे माझे ठाम मत आहे. ख्रिस्ती श्रद्धेतून शोकात शांती मिळते, हे असंख्य आयुष्यांनी दाखवून दिले आहे. पण ती शोक पुसून येत नाही, आणि त्याचे कारण समजावून दिल्यानेही येत नाही. तिची वाट विलापातून जाते. ज्याला देवापुढे मोकळेपणी रडता येते, त्याच्याशी भांडता येते, त्याला ती गवसण्याचा संभव अधिक. ज्याला आपलीच माणसे गप्प करतात, त्याच्यापासून ती दूर जाते.

याचा पहिला पुरावा पवित्र शास्त्रातच आहे. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. देवाने तोंड का फिरवले, तो झोपला आहे का, आणखी किती सोसायचे, असे सरळ प्रश्न त्यांत विचारलेले आहेत. बहुतेक स्तोत्रे शेवटी भरवशाकडे वळतात. 88वे वळत नाही. त्याच्या अखेरच्या ओळीतही काळोखच उरतो. ज्या पिढ्यांनी हा ग्रंथ जपला त्यांना ते स्तोत्र सहज गाळता आले असते. त्यांनी ते ठेवले, आणि प्रार्थना म्हणून ठेवले. बाबेलच्या सैन्याने इसवी सनपूर्व 586च्या सुमारास यरुशलेम उद्ध्वस्त केल्यानंतरच्या आकांतातून आलेले विलापगीत नावाचे अख्खे पुस्तक शास्त्रात आहे. त्याच्या 5 अध्यायांत उपासमार आहे, मेलेली लेकरे आहेत, आणि शेवटही निश्चिंत नाही. ज्या धर्माला केवळ दिलासा विकायचा असता, त्याने आपल्या ग्रंथात असली पाने राहू दिली नसती.

ईयोबाची गोष्ट तर या मुद्द्याचा गाभाच आहे. मुले, संपत्ती, प्रकृती सारे गेल्यावर त्याचे तीन मित्र भेटीला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, कुणी अवाक्षर काढत नाही. तिथवर त्यांचे वागणे योग्य होते. मग ते बोलू लागतात, आणि बिनसते. तुझ्या हातून काहीतरी पाप घडले असेल, देव विनाकारण शिक्षा करत नाही, नम्र हो म्हणजे सगळे ठीक होईल, असा उपदेश अध्यायांमागून अध्याय चालतो. ईयोब त्यांचे ऐकत नाही. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो. आता कथेचा शेवट पाहा. देवाची बाजू अगदी पांडित्याने मांडणाऱ्या मित्रांवरच देव रागावतो, आणि जाब विचारणाऱ्या ईयोबाचे बोलणे योग्य ठरवतो. शिवाय वादळातून बोलताना देव ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण सांगतच नाही. अडतिसाव्या अध्यायापासून पुढची सगळी भाषणे वाचली तरी ते सापडत नाही. तरीही ईयोब शांत होतो. त्याला उत्तर मिळाले नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो समोर आला, त्याने ऐकून घेतले. शोकाकुल माणसाला देवाच्या वतीने कारणे सांगणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक शेवटपर्यंत वाचायला हवे.

कारणे शोधून दुःख शमत नाही, याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस. जगात वेदना का आहे, या प्रश्नावर त्यांनी 1940मध्ये एक तर्कशुद्ध ग्रंथ लिहिला होता. ख्रिस्ती विश्वासाचे बुद्धिनिष्ठ समर्थक म्हणून त्यांचा लौकिक होता. 1960मध्ये त्यांची पत्नी जॉय कर्करोगाने गेली. त्यानंतर त्यांनी वह्यांमध्ये जे लिहिले ते पुढच्या वर्षी टोपणनावाने प्रसिद्ध झाले. वीस वर्षांपूर्वीचा युक्तिवाद तिथे त्यांच्या कामी येत नाही. देवाचे दार आतून बंद आहे असे त्यांना वाटते, देव निर्दय तर नाही ना अशी शंका ते लिहून ठेवतात. पण लिहिणे थांबत नाही, आणि हळूहळू त्या पानांचा सूर निवळत जातो. त्यांनी विश्वास सोडला नाही. उलट, विश्वासाच्या आत राहूनच ते इतके कडू लिहू शकले. एवढ्या जाणत्या माणसाला जिथे आपला ग्रंथ पुरला नाही, तिथे दफनभूमीच्या फाटकापाशी उच्चारलेले एक वाक्य दुसऱ्या कुणाला पुरेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

शुभवर्तमानातला येशू यापेक्षा वेगळे काही शिकवत नाही. बेथानीत त्याचा मित्र लाजर मरण पावतो. येशू चार दिवस उशिरा पोचतो. मार्था आणि मरीया या दोघी बहिणी त्याला वेगवेगळ्या वेळी भेटतात आणि दोघीही एकच बोल लावतात, की तुम्ही वेळेवर आला असता तर आमचा भाऊ वाचला असता. येशू एकीलाही दटावत नाही. पुढे तो स्वतःच रडतो. योहानाच्या शुभवर्तमानानुसार, लाजराला आपण उठवणार आहोत हे त्याला आधीपासून ठाऊक होते. उठवायचेच होते तर रडण्याचे कारण काय? माझ्या मते या प्रसंगाचा अर्थ स्वच्छ आहे. आशा असली म्हणून अश्रू खोटे ठरत नाहीत. गेथशेमाने बागेत तोच येशू घामाघूम होऊन आपल्यावरचे संकट टळावे म्हणून प्रार्थना करतो, मित्रांनी जागे राहावे अशी विनवणी करतो. वधस्तंभावरचा त्याचा आक्रोश विलापाच्या 22व्या स्तोत्रातून आलेला आहे. म्हणजे मरताना त्याच्या तोंडी जी प्रार्थना आली ती भरवशाचे गोड बोल नव्हती. आपल्याला टाकून का दिले, असे तो देवाला विचारत होता.

आणि पुनरुत्थानानंतर? शिष्य दारे बंद करून भयाने बसलेले असताना तो त्यांच्यामध्ये येऊन उभा राहतो, त्यांना शांतीचे अभिवादन करतो, आणि लगेच आपले हात आणि कूस दाखवतो. जखमा तिथेच असतात. मरणावर विजय मिळवलेल्या देहावरून त्या मिटवलेल्या नाहीत, आणि थोमाला तर त्या जखमांवरूनच ओळख पटते. ख्रिस्ती शांती म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला या प्रसंगाहून मोठा आधार दिसत नाही. शांतीचे अभिवादन आणि खिळ्यांचे व्रण या दोन्ही गोष्टी त्या खोलीत एकाच वेळी हजर आहेत. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मेलेल्यांविषयी बोलतानाही हाच तोल आहे. शोक करू नका, असे तो सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असे सांगतो. त्यातला पुढचा भाग विसरून अनेक प्रवचने केवळ शोक न करण्यावरच थांबतात, ही खेदाची गोष्ट आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात या वाटेने चाललेले सर्वांत मोठे नाव पंडिता रमाबाईंचे आहे. 1858मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान पुराणिक होते. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडणारे हे कुटुंब 1870च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात सापडले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली. उरलेल्या दोघा भावंडांनी पायी देश पालथा घातला. कलकत्त्यात रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव झाला, पण 1880मध्ये भाऊ श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी विवाह केला, आणि फेब्रुवारी 1882मध्ये कॉलऱ्याने पतीही गेला. तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती आणि रमाबाई चोविशीच्या आतच होत्या. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आपला जीव संपवला. त्यानंतर, सप्टेंबर 1883मध्ये, वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

एवढ्यावरून कुणी म्हणेल की दुःखाने खचलेल्या बाईला धर्माचा आधार सापडला, झाले. घटना मात्र तशा घडलेल्या नाहीत. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई शांत झाल्या नाहीत, वाद घालू लागल्या. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चच्या अधिकाऱ्यांची सत्ता, आपल्या सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य या प्रश्नांवर त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेली पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. त्यांतली एकही ओळ शरणागतीची वाटत नाही. 1907मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वतःच सांगितले आहे की बाप्तिस्मा घेताना आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त गवसायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. आठ वर्षे! या काळात त्या इंग्लंडमध्ये राहिल्या, अमेरिकेत फिरल्या, 1887मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे पुस्तक लिहिले, 1889मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. म्हणजे कर्तृत्वाच्या ऐन भरातही आतली अस्वस्थता चालूच होती, आणि ती लपवण्याची त्यांना गरज वाटली नाही. जी शांती त्यांना मिळाली ती प्रश्न विचारत विचारत मिळाली.

त्या शांतीने त्यांचा भूतकाळ पुसलाही नाही. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली उपाशी मरताहेत हे कळल्यावर त्या तिकडे धावल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांतूनच केडगावच्या मुक्ती सदनाचा विस्तार झाला. दुष्काळात आईवडील गमावलेल्या बाईला त्या मुली परक्या वाटणे शक्य नव्हते, आणि आपल्या दुष्काळाच्या आठवणी त्यांनी त्या वेळी लिहूनही काढल्या. ज्या शोकाला वाचा मिळते त्यालाच दुसऱ्याचा शोक ओळखू येतो, असा याचा अर्थ मी लावतो. जुलै 1921मध्ये मनोरमाबाई गेल्या. आईची एकुलती एक मुलगी, संस्थेची भावी चालक, आणि कुटुंबातली उरलेली अखेरची व्यक्ती. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराचे काम संपवत आल्या होत्या; त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा अभ्यासल्या होत्या. लेक गेल्यावर त्या जेमतेम आठ महिने जगल्या आणि एप्रिल 1922मध्ये गेल्या, पण काम तडीस नेऊनच. या आठ महिन्यांत त्यांच्या मनात काय चालले होते ते ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या हात बांधून बसल्या नाहीत, एवढे मात्र दिसते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मराठी वाचकाच्या मनात आधीच आला असणार. देवाशी भांडण्याची ही परंपरा ख्रिस्ती लोकांचीच आहे का? नाही. जनाबाई विठ्ठलाला रागाने बोलतात, आणि 1630च्या आसपासच्या दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाला किती परींनी जाब विचारला ते त्यांच्या गाथेत आहे. किंबहुना ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. म्हणूनच त्यांची भजने विलायती चालींवर बसवलेली भाषांतरे न राहता मराठी मनाची झाली, आणि 'उपासना-संगीत'मधून ती अजून दर रविवारी म्हटली जातात. टिळक 1919मध्ये गेले. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले आणि 'स्मृतिचित्रे' लिहिली. नवऱ्याच्या धर्मांतराने आपल्यावर कोसळलेले दुःख, पाच वर्षांची ताटातूट, तो संताप हे सगळे त्यांनी स्वतः ख्रिस्ती झाल्यानंतरही त्या पुस्तकात जसेच्या तसे ठेवले. त्या विश्वासू होत्या म्हणून त्यांनी मागचे रडणे सारवून घेतले नाही. तेव्हा शांतीवर ख्रिस्ती लोकांचा मक्ता आहे, असा दावा मी करत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण दुसऱ्या ठिकाणी आहे. ज्याच्यापुढे तक्रार करायची तो देव स्वतः मरणातून गेलेला आहे, त्याच्या आईने त्याचे प्रेत पाहिले आहे, अशी तिची धारणा आहे. म्हणून शोकात देव वरून पाहतो असे न मानता तो शेजारी आहे असे ती मानते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. हे सगळे मनाचे खेळ आहेत, असे सिग्मंड फ्रॉइड यांनी 1927मध्ये धर्माविषयीच्या आपल्या पुस्तकात मांडले. असहाय माणसाला बापाची सावली हवी असते, म्हणून तो आभाळात बाप कल्पतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. माणसाला हवे असते म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही, हे त्याला दिलेले नेहमीचे उत्तर तर्काला धरून आहे; पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते फ्रॉइड यांचे स्वतःचे आयुष्य. त्यांची मुलगी सोफी 1920मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली, आणि तीन वर्षांनी सोफीचा धाकटा मुलगाही गेला. 1929मध्ये, सोफी जिवंत असती तर ज्या दिवशी 36 वर्षांची झाली असती त्या सुमारास, मुलगा गमावलेल्या एका मित्राला त्यांनी पत्र लिहिले. शोकाची तीव्रता ओसरते, पण गेलेल्याची जागा कशानेच भरत नाही, आणि तशी ती रिकामी राहणे योग्यच आहे, कारण त्यामुळेच ते प्रेम टिकते, असा त्या पत्राचा आशय आहे. या निरीश्वरवादी बापाचे म्हणणे 88व्या स्तोत्राच्या किती जवळचे आहे! व्रणांसह उठलेला ख्रिस्तही जागा रिकामी झालीच नव्हती असे दाखवत नाही. फ्रॉइड यांनी ज्या धर्मावर टीका केली तो, दुःख झाकून टाकणारा धर्म, ख्रिस्ती माणसानेही नाकारावा असाच आहे. तरीही आमच्यात मतभेद उरतो. रिकामी जागा कायमची रिकामीच राहणार, असे ते मानत. ती एके दिवशी भरली जाईल, अशी आशा ख्रिस्ती माणूस धरतो. ही आशा सिद्ध करता येत नाही, हे मान्य करूनच ती धरावी लागते.

श्रद्धेचा शोकावर प्रत्यक्षात काय परिणाम होतो, यावर संशोधनही झाले आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे वाचायला हवे. डॅनियल मॅकिन्टॉश, रोक्सेन कोहेन सिल्व्हर आणि कॅमिल वॉर्टमन यांनी 1993मध्ये अमेरिकेतल्या 124 आईबापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांची तान्ही बाळे अचानक, झोपेत दगावली होती. ज्यांच्या आयुष्यात धर्म महत्त्वाचा होता ते आईबाप त्या मृत्यूचा विचार टाळत नव्हते; उलट अधिक करत होते. जे उपासनेला नियमित जात त्यांना आपल्याभोवती माणसे आहेत असे अधिक वाटत होते. आणि या दोन वाटांनी, थेट नव्हे, दीड वर्षानंतर त्यांचे दुःख काहीसे सुसह्य झालेले आढळले. विचार टाळून शांती मिळाली नाही; विचार करता आला, आणि तो करताना कुणीतरी जवळ होते. दुसरा अभ्यास केनेथ पर्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2001चा. 55 वर्षांवरच्या 596 रुग्णांकडे दोन वर्षे लक्ष ठेवल्यावर असे दिसले की देवाने आपल्याला टाकले आहे, आपल्यावरचे त्याचे प्रेम उरलेले नाही असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते. हा निष्कर्ष माझ्या म्हणण्याला अडचणीचा वाटेल. देवाशी भांडणे इतके घातक असेल तर विलापाची तरफदारी का करावी? मला त्यातून उलटा बोध होतो. टाकले गेल्याची भावना एकट्याने, लाजेने, मनात कोंडून वाहणे घातक आहे. स्तोत्रकर्ता तीच भावना उघडपणे, मंडळीत, देवालाच उद्देशून म्हणतो. ज्या मंडळीत हे बोलणे पाप ठरते, तिथे तो संशय माणसाला आतून पोखरत राहतो. अभ्यासाने हे सिद्ध केलेले नाही, हे मी मान्य करतो. पण धोका दिसत असताना तोंड बंद करणे हा शहाणपणाचा मार्ग नक्कीच नाही.

श्रद्धा माणसाला सोशिक बनवते, अन्यायापुढे मान तुकवायला शिकवते, हाही जुना आरोप आहे. त्याला उत्तर म्हणून ग्लॅडिस स्टेन्स यांचे उदाहरण पुरेसे व्हावे. जानेवारी 1999मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावी जमावाने त्यांचे पती ग्रॅहम आणि 10 व 6 वर्षांची दोन मुले, फिलिप आणि टिमोथी, यांना गाडीत जिवंत जाळले. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले, आणि त्या 2004पर्यंत मुलीसह भारतातच राहून मयूरभंजच्या कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. पण क्षमा ही वैयक्तिक बाब आहे, न्यायालयाचे काम वेगळे आहे, हा भेद त्यांनी पुसू दिला नाही. खटला चालला, प्रमुख आरोपीला जन्मठेप झाली. क्षमा म्हणजे झालेले विसरणे नव्हे, हे त्या आपल्या जगण्यातून सांगत होत्या.

सर्वांत गंभीर आक्षेप श्रद्धेवरचा नाही, श्रद्धावंतांच्या वागण्यावरचा आहे. शोकाने खचलेला माणूस कमजोर असतो. त्या क्षणी त्याला धर्म बदलायला लावणे, मृत्यूला शिक्षा ठरवणे, प्रार्थनेने रोगी बरा होईल अशी खात्री देऊन तो गेल्यावर घरच्यांच्या विश्वासावर खापर फोडणे, हे प्रकार घडतात आणि ते निंद्य आहेत. रमाबाईंनाही 1893मध्ये शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याच्या आरोपावरून मोठ्या विरोधाला तोंड द्यावे लागले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोण किती बरोबर, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण दुःखितांजवळ जाणाऱ्याने आपला हेतू वारंवार तपासावा, हा धडा त्यातून घ्यायला हवा. सांत्वनाच्या बदल्यात काही मागितले तर ते सांत्वन राहत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस काही मागत नव्हते, तोवरच ते मित्र होते.

म्हणून मंडळ्यांनी काही गोष्टी ठरवून करायला हव्यात. रविवारच्या उपासनेत विलापाची स्तोत्रे क्वचितच वाचली जातात. ती केवळ दफनविधीसाठी राखून न ठेवता नेमाने वाचावीत, म्हणजे वेळ आल्यावर माणसाजवळ शब्द असतील. दफनाच्या प्रवचनात मृत्यूचे कारण सांगण्याचा मोह पाळकांनी आणि फादरांनी टाळावा. गोव्यात आणि वसईत 2 नोव्हेंबरला घरची माणसे दफनभूमीत जातात, थडगी साफ करतात, मेणबत्त्या लावतात. वर्षातला एक दिवस सगळ्या गावाने मिळून मृतांसाठी राखून ठेवणे, हा शहाणपणा प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही आपल्या रीतीने स्वीकारावा, असे मला वाटते. करोनाच्या काळात दफनाला वीसच माणसे जाऊ शकत होती, काही ठिकाणी तर घरच्यांनाही शेवटचे पाहता आले नाही. त्या काळात गेलेल्यांसाठी रीतसर स्मरण-उपासना अनेक ठिकाणी आजही झालेली नाही. ती उशिरा केली तरी चालेल.

आणि प्रार्थनेने उतरत नाही असाही शोक असतो. महिने उलटूनही ज्याचे जेवण, झोप, कामधंदा सारे ठप्प आहे, त्याच्या अवस्थेला जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ चाललेल्या शोकाचा विकार म्हणून स्थान आहे, आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे म्हणजे विश्वास कमी पडल्याची कबुली, असे पाळकाने सुचवले तर ते अक्षम्य आहे. धर्मगुरूंच्या शिक्षणात याची ओळख सक्तीची असावी, आणि प्रत्येक मोठ्या धर्मग्रामाने जवळच्या समुपदेशकाशी संबंध ठेवावा. याला फार खर्च येत नाही. दफनानंतरच्या पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते. दुसऱ्या महिन्यात कुणी फिरकत नाही, आणि तेव्हाच एकटेपण खरे जाणवू लागते. त्या दुसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, गेलेल्याच्या वाढदिवशी कोण त्या घरी जाणार, हे मंडळीच्या वहीत नावानिशी लिहिलेले असायला हवे. जाणाऱ्याने बायबल सोबत न्यावे, पण ते उघडण्याआधी त्या घरातल्या माणसाला हवे तेवढा वेळ बोलू द्यावे, आणि त्याला बोलायचे नसेल तर त्याच्याजवळ नुसते बसून राहावे.